महिला संस्थेचा डेटाबेस: ॲप घेण्याआधी काय ठरवायचं

प्रश्न असा आहे: तीन तालुक्यांत घरात छळ सोसणाऱ्या बायकांसाठी समुपदेशन केंद्रं चालवणारी एक संस्था. वर्षाला साडेतीनशे ते चारशे केसेस, पंधरा वर्षांची रजिस्टरं, प्रत्येक केंद्राची आपापली एक्सेल शीट. आता फंडरला डॅशबोर्ड, म्हणजे सगळे आकडे एका नजरेत दाखवणारा स्क्रीन, हवा आहे आणि एक कंपनी सीएसआरमधून (कंपन्यांच्या सामाजिक कामाच्या निधीतून) फुकट ॲप करून द्यायला तयार आहे. संस्थेच्या समन्वयक ताई विचारतात की ॲप घ्यावं का, जुनी रजिस्टरं कॉम्प्युटरवर चढवावीत का आणि सुरुवात कुठून करावी.

ताई, ॲपचा निर्णय सहा महिने पुढे ढकला. तोवर तीन गोष्टी कागदावर पक्क्या करा: तुम्ही नेमकं काय मोजता, काय लिहून ठेवायचंच नाही, आणि बाईची ओळख तिच्या हकिकतीपासून वेगळी कशी ठेवायची. एवढं ठरलं की वर्षाला चारशे केसेस साधी एक्सेलसुद्धा पेलते. हे ठरलेलं नसेल तर कितीही महागडं सॉफ्टवेअर आणा, आज रजिस्टरात असलेला घोळ उद्या रंगीत आलेखात दिसेल, इतकाच फरक.

मोजण्यापासून सुरुवात करते, कारण बहुतेक संस्थांचं घोडं इथेच अडतं. एक बाई जानेवारीत केंद्रावर येते. मारहाण झालेली असते. दोनदा समुपदेशन होतं, नवऱ्यासोबत एक बैठक होते, मार्चमध्ये ती नांदायला जाते. ऑगस्टमध्ये तिला पुन्हा घराबाहेर काढतात. माहेर दुसऱ्या तालुक्यात, म्हणून ती तुमच्याच दुसऱ्या केंद्रावर जाते आणि तिथे तिला नवा नंबर पडतो. या वेळी डीआयआर (कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा घटना अहवाल) भरला जातो, कोर्टात अर्ज होतो. वर्षअखेरीला ही किती? बाई एक, केसेस दोन, सांगितलेल्या घटना चार, भेटी आठ, कोर्ट प्रकरण एक. पाचही आकडे खरे आहेत. घोळ होतो तो एका फंडरच्या अहवालात भेटी, दुसऱ्याच्या अहवालात केसेस आणि वार्षिक अहवालात या सगळ्याची बेरीज 'लाभार्थी' म्हणून गेल्यावर.

म्हणून व्यक्ती, केस, घटना, संपर्क आणि कोर्ट प्रकरण अशा पाच वेगळ्या याद्या ठेवा. व्यक्तीला आयुष्यभराचा एकच क्रमांक, तिच्याखाली हव्या तितक्या केसेस, केसखाली घटना आणि संपर्क. एक्सेलमध्ये हे पाच शीट होतात, डेटाबेसमध्ये पाच टेबल. क्रमांक साधा ठेवा: केंद्राचं अक्षर, वर्ष आणि अनुक्रमांक. क्रमांकात हिंसेचा प्रकार, जात किंवा गावाचा कोड कोंबू नका. फाइलच्या पाठीवर लिहिलेला क्रमांक चहा घेऊन येणाऱ्या मुलालाही दिसतो.

मोजणीचा नियम बदलला की आकडा कसा बदलतो, हे सरकारी आकडेवारीतही दिसतं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग एका एफआयआरमध्ये अनेक गुन्हे असले तर त्यातला सर्वांत गंभीर तेवढाच मोजतो. म्हणजे बलात्कार करून खून झाला असेल तर तो पूर्वी फक्त खुनात जायचा. त्यांचं बरं की हा नियम ते लिहून छापतात. तुम्हीही तुमचा नियम अर्ध्या पानावर लिहा आणि प्रत्येक अहवालाला जोडा. फंडर कुरकुर करेल, कारण लाभार्थींचा आकडा एकदम खाली येईल. येऊ द्या. पहिल्या वर्षी समजावून सांगावं लागतं, दुसऱ्या वर्षी कोणी विचारत नाही.

आता नाव. परदेशी सॉफ्टवेअरमध्ये पहिलं नाव आणि आडनाव असे दोन रकाने असतात आणि आपल्याकडे ते पहिल्याच दिवशी कोसळतात. लग्नानंतर बाईचं आडनाव बदलतं, मधलं नाव बदलतं, काही घरांत पहिलं नावही बदलतात. आधारवर माहेरचं, रेशनकार्डावर सासरचं, आणि गावात हाक मारतात ते तिसरंच. तुमच्याकडे ती सहा वर्षांनी परत आली तर कोणत्या नावाने शोधणार? तीनही नावांसाठी वेगळे रकाने ठेवा, शोध तिन्हींत चालला पाहिजे, आणि जोडीला जन्मवर्ष व माहेरचं गाव ठेवा. वय लिहू नका, ते दर वर्षी शिळं होतं. जन्मवर्ष लिहा आणि शेजारी 'अंदाजे' अशी खूण करायची सोय ठेवा, कारण निम्म्या जणींना ते अंदाजेच माहीत असतं. (१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत महाराष्ट्रात आईचं नावही येतं, तेव्हा मुलांच्या नोंदींत नावाला चार भाग लागतील.)

देवनागरीत शोध घेताना आणखी एक त्रास होतो. 'ॲ' हे अक्षर दोन प्रकारे टाइप होतं, एकदा स्वतंत्र अक्षर म्हणून आणि एकदा 'अ'वर चंद्र देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखी, कॉम्प्युटरला वेगळी. ऱ्हस्व-दीर्घाचं तर विचारूच नका: सुनीता आणि सुनिता या कॉम्प्युटरसाठी दोन बायका आहेत. सगळ्या केंद्रांवर एकच कीबोर्ड वापरायचा, आणि नवीन केस उघडण्याआधी जन्मवर्ष व गावावरून एकदा शोधायचं, हा नियम करा. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेल्या फाइली युनिकोडमध्ये रूपांतरित केल्याशिवाय शोधात सापडणार नाहीत. रूपांतर केल्यावर जोडाक्षरं हाताने तपासावी लागतात, तेवढा वेळ धरून चाला.

फोन नंबर. या एका रकान्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते आणि प्रशिक्षणात याच रकान्यावर बायका सगळ्यात जास्त बोलतात. 'मोबाइल क्रमांक' असा एक रकाना करून चालत नाही. तो फोन कोणाचा आहे? कोण उचलतं? कोणत्या वेळी करायचा? मेसेज पाठवलेला चालेल का? कोणी दुसऱ्याने उचलला तर काय सांगायचं: बचत गटातून बोलतेय, की शिलाई क्लासमधून? हे सगळं नंबरच्या शेजारी, त्याच स्क्रीनवर दिसलं पाहिजे. आतल्या पानावर लिहिलेली सूचना घाईच्या वेळी कोणी उघडत नाही. ट्रूकॉलरवर तुमच्या केंद्राचा नंबर 'महिला समुपदेशन केंद्र' म्हणून झळकतो का, हे आजच तपासा. झळकत असेल तर पाठपुराव्यासाठी वेगळं सिम घ्या. आणि ॲपवाले 'अपॉइंटमेंटची आठवण देणारा मेसेज आपोआप जाईल' असं कौतुकाने दाखवतील. ती सोय बंद करून घ्या. असा एक मेसेज नवऱ्याच्या हातात पडला की काय होतं, ते तुमच्या कार्यकर्त्यांना विचारा.

हिंसेची नोंद कशी करायची? बऱ्याच जुन्या छापील फॉर्मवर 'छळाचे कारण' असा रकाना असतो आणि खाली दारू, संशय, हुंडा, मुलगा न होणे, स्वयंपाक. माझं मत ठाम आहे: हा रकाना काढून टाका. तो भरताना कार्यकर्ती नकळत नवऱ्याची बाजू लिहीत असते. काय घडलं ते विचारा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातसुद्धा बायकांना 'तुमच्यावर हिंसा झाली का' असं विचारत नाहीत. ढकललं का, थोबाडीत मारली का, हात पिरगाळला का, गळा दाबला का, असं एकेका कृतीबद्दल विचारतात. कारण उघड आहे. थोबाडीत मारणं ही हिंसा आहे असं अनेकींना वाटतच नाही, पण थोबाडीत मारली हे त्या सांगतात. तुमच्या फॉर्ममध्ये कृतींची यादी ठेवा, एकापेक्षा जास्त खुणा करता आल्या पाहिजेत, आणि त्या कृती मागच्या मागे कायद्यातल्या चार प्रकारांना जोडा. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक आणि आर्थिक असे चार प्रकार मानतो. गळा दाबल्याची नोंद झाली तर ती वेगळ्या रंगात वर दिसली पाहिजे. त्या बाईच्या जिवाचा धोका वाढलेला असतो आणि पुढच्या वेळी दुसरी कार्यकर्ती बसली असली तरी तिला हे पहिल्या नजरेत कळायला हवं.

कायद्याची कलमं साठवताना जुने आणि नवे असे दोन्ही संच लागतील. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि सासरच्या छळाच्या ४९८अ चं काम कलम ८५ कडे गेलं, हुंडाबळीचं ३०४ब हे ८० झालं, पोटगीचं १२५ हे नागरिक सुरक्षा संहितेत १४४ झालं. पण गुन्हा त्या तारखेआधीचा असेल तर जुनी भारतीय दंड संहिताच (भादंवि) लागते. म्हणून 'सगळीकडे ४९८अ शोधून ८५ करा' असा उत्साह कोणी दाखवला तर थांबवा. कलमांची एक वेगळी यादी करा, प्रत्येक कलमापुढे कुठपासून कुठपर्यंत लागू ते लिहा, आणि केसमध्ये घटनेची तारीख पाहून निवडा.

निकालाच्या रकान्याकडे वळते. रजिस्टरात शेवटी काय लिहिलेलं असतं? 'समेट', 'घटस्फोट', 'कोर्टात', 'संपर्क नाही', 'केस बंद'. आणि डॅशबोर्डवर समेट हिरवा, घटस्फोट लाल. रंग कोणी ठरवले? समेट म्हणजे यश, हे गृहीत धरून केलेला डेटाबेस संस्थेला हळूहळू तडजोड घडवणारं कार्यालय करून टाकतो, कारण कार्यकर्त्यांना कळतं की कोणती खूण वर पाठवली की शाबासकी मिळते. याऐवजी दोन गोष्टी नोंदवा. पहिली, तिला काय हवंय: मारणं थांबावं, वेगळं राहायचंय, मुलं ताब्यात हवीत, स्त्रीधन परत हवं, नुसतं कोणाशी तरी बोलायचंय. हे पहिल्या भेटीत लिहा आणि बदललं की तारखेसह नवी ओळ लिहा, जुनी खोडू नका. बाई काय मागते ते दोन-तीन भेटींत बदलतं, आणि तो बदल हीच तुमच्या कामाची खरी नोंद आहे. दुसरी, तीन आणि सहा महिन्यांनी तिच्या मागणीतलं काय हाती आलं आणि हिंसा चालू आहे का. यातून निघणारे आकडे कमी चकचकीत असतील. पण 'समेट झालेल्यांपैकी किती जणींना सहा महिन्यांत पुन्हा मार बसला' या प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडे असेल, आणि ते जिल्ह्यातल्या फार थोड्यांकडे असतं.

पाठपुराव्याच्या तारखा ठरवताना तुमच्या भागाचं वर्ष डोळ्यांपुढे ठेवा. बीडसारख्या भागात दसरा-दिवाळीनंतर ऊसतोड टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, त्या गळीत हंगाम संपल्यावर परततात. जानेवारीतला पाठपुरावा चुकला की सिस्टीम 'संपर्क तुटला' म्हणते आणि तीन प्रयत्नांनंतर केस आपोआप बंद करते. ती बाई कोपीवर, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपडीवर, असते, तिथे मार जास्तच बसत असतो. 'स्थलांतर, अपेक्षित परत' असा पर्याय ठेवा आणि केस आपोआप बंद होण्याची सोय मुळीच ठेवू नका.

कोर्टाच्या तारखा मात्र काटेकोर भरा. संस्थेच्या डेटाचं सोनं इथे आहे. कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं कलम १२ सांगतं की पहिली सुनावणी अर्ज आल्यापासून साधारणपणे तीन दिवसांत व्हावी आणि पहिल्या सुनावणीपासून साठ दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा न्यायदंडाधिकाऱ्यांनी प्रयत्न करावा. प्रत्यक्षात काय होतं ते तुम्हाला माहीत आहे, पण माहीत असणं आणि दाखवता येणं यात अंतर असतं. अर्जाची तारीख, पहिली सुनावणी, नोटीस बजावल्याची तारीख, कलम २३ खालचा अंतरिम आदेश, अंतिम आदेश, आणि पोटगीचा पहिला रुपया हातात आल्याची तारीख. शेवटची तारीख सगळ्यात महत्त्वाची आणि ती कोणीच भरत नाही. आदेशांची ओळ वेगवेगळी ठेवा: संरक्षण (१८), निवास (१९), आर्थिक (२०), मुलांचा ताबा (२१), भरपाई (२२). तीन तालुक्यांच्या दोन वर्षांच्या अशा तारखा घेऊन जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांपुढे किंवा विधी सेवा प्राधिकरणापुढे बसलात तर चर्चेचा सूर बदलतो. नोटीस बजावण्यातच सगळा वेळ जातो असं दिसलं, तर मागणी नेमकी कोणाकडे करायची हेही ठरतं.

आता काय लिहायचं नाही. आधार क्रमांक लिहू नका. कागद पाहिला असेल तर 'पाहिला' एवढी खूण पुरे. बाईचा फोटो लावू नका. धर्म आणि जात सरसकट विचारू नका. पण ती अनुसूचित जाती-जमातीची असेल आणि अत्याचार करणारे नसतील, तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू शकतो. अशा वेळी का विचारतोय ते सांगून विचारा आणि लिहा. एचआयव्ही, गर्भपात, लग्नाबाहेरचं नातं या गोष्टी मदतीसाठी लागत नसतील तर नोंदीत येता कामा नयेत. समुपदेशकाच्या टिपणांबद्दल विशेष सांगते. वकील आणि अशील यांच्यातल्या बोलण्याला कायद्याने संरक्षण आहे, तसं समुपदेशकाच्या टिपणांना नाही. कोर्टाने समन्स काढलं तर फाइल न्यावी लागू शकते आणि समोरचा वकील ती ओळन् ओळ वाचतो. 'बाई हट्टी वाटते', 'स्वभाव संशयी' असं एक वाक्य पुरतं. 'तिने सांगितलं की' आणि 'मला दिसलं की' या दोन प्रकारांतच लिहा, तारीख घाला, निष्कर्ष लिहू नका. डीआयआर भरतानाही हेच. नोंदणीकृत सेवा पुरवठादार म्हणून तुम्हाला तो भरण्याचा अधिकार आहे, पण तिची इच्छा असेल तरच. आणि त्याची प्रत न्यायदंडाधिकारी व संरक्षण अधिकारी यांच्याकडे जाते, हे तिला आधी सांगायचं.

अठरा वर्षांखालच्या मुलींबाबत क्रम उलटा होतो. पोक्सोच्या (मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या) कलम १९ खाली लैंगिक गुन्ह्याची माहिती मिळाली की पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. म्हणून हकीकत विचारण्याआधीच वय विचारा, आणि तिने तोंड उघडण्याआधी तिला सांगा की अमुक प्रकारचं काही सांगितलंस तर मला कळवावं लागेल. फॉर्ममध्ये जन्मवर्षाचा रकाना पहिल्या तीनांत हवा तो यासाठी. शेवटच्या पानावर वय कळलं तर तिचा विश्वासघात झालेला असतो.

ओळख आणि हकीकत वेगळी ठेवायची म्हणजे प्रत्यक्षात दोन फाइली. एकीत व्यक्तीचा क्रमांक, नावं, पत्ता, फोन. दुसरीत तोच क्रमांक आणि बाकी सगळं. पहिली फाइल केंद्रावरच्या एका एन्क्रिप्ट केलेल्या (पासवर्डशिवाय आतलं काही वाचता येणार नाही अशा) कॉम्प्युटरवर, दोघींनाच उघडता येईल अशी. मुख्यालयात आकडेवारी सांभाळणाऱ्या एमआयएस ऑफिसरला, फंडरला, विश्वस्तांना नावं लागत नाहीत. निर्वासित छावण्यांसारख्या ठिकाणच्या कामासाठी संयुक्त राष्ट्रांच्या संस्था आणि इतरांनी २००६ पासून उभी केलेली जीबीव्हीआयएमएस ही लिंगाधारित हिंसेच्या नोंदींची पद्धत नेमकं हेच करते. तिच्या मोजणीच्या फाइलमध्ये नाव नसतं, संकेतांक असतो. आणि गंमत म्हणजे ती फाइल मुळात एक्सेलच आहे. एक्सेलला पासवर्ड लावताना 'शीट प्रोटेक्ट' लावून समाधान मानू नका. त्याने फक्त रकाने बदलता येत नाहीत, फाइल उघडीच राहते. पूर्ण फाइल एन्क्रिप्ट करायचा पर्याय वेगळा आहे, तो वापरा.

कोणाला काय दिसावं हे पदावरून ठरवतात, पण गावात नाती आडवी येतात. तुमची कार्यकर्ती त्याच गावची, नवऱ्याची चुलतबहीण निघते. तेव्हा एखादी केस एखाद्या कार्यकर्तीपासून झाकता आली पाहिजे, आणि ते करताना कार्यकर्तीचा अपमान होऊ नये म्हणून हा नियम सगळ्यांसाठी आधीच जाहीर असावा. सगळ्यांनी मिळून एकच लॉगिन वापरणं बंद करा. नोकरी सोडणाऱ्या कार्यकर्तीचं खातं त्याच संध्याकाळी बंद.

आणि 'केस चर्चा' नावाचा तो व्हॉट्सॲप ग्रुप. प्रत्येक संस्थेत असतो. जखमांचे फोटो, एफआयआरची प्रत, आधारकार्ड, सगळं तिथे पडतं, तिथून प्रत्येकीच्या गॅलरीत उतरतं आणि संध्याकाळी तोच फोन मुलांच्या हातात असतो. बलात्कारपीडितेची ओळख उघड करणं हा न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. ग्रुपवर ती गोष्ट सगळ्यात सहज घडू शकते. ग्रुप बंद करा म्हटलं तर कार्यकर्त्या ऐकणार नाहीत, कारण रात्री अकरा वाजता सल्ला त्यांना तिथेच मिळतो. ग्रुप राहू द्या, पण फक्त केस क्रमांक आणि प्रश्न. कागद आणि फोटो नाहीत, ऑटो-डाउनलोड बंद, संदेश आठवड्यात आपोआप पुसले जातील अशी सोय चालू.

जुन्या रजिस्टरांबद्दल माझा सल्ला आहे की पंधरा वर्षांचं सगळं कॉम्प्युटरवर भरू नका. चालू केसेस आणि मागची दोन वर्षं पूर्ण भरा. त्याआधीच्यांची फक्त सूची करा: नावं, जन्मवर्ष, गाव, रजिस्टर क्रमांक, पान. ही सूचीही ओळखीच्या फाइलसारखीच कुलपात. जुनी बाई परत आली की पान उघडून तेवढीच केस भरायची. यामागे कायद्याचंही कारण आहे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा डिजिटल माहितीला लागू होतो, आणि कागदावरची माहिती स्कॅन केली की तिलाही. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी सुरू होतात. योग्य सुरक्षा न ठेवल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. तुमच्यावर तेवढा लागेल असं कोणी म्हणत नाही, पण ज्या कागदांचा उपयोग नाही ते स्वतःहून या कक्षेत का आणायचे? याच कायद्याने संमतीची सूचना राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या भाषांतही देता आली पाहिजे असं म्हटलंय, त्यात मराठी आहे. तेव्हा इंग्रजी संमतिपत्रावर अंगठा घेण्याचे दिवस संपवा. मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते, आणि पालकच मारणारा असेल तर काय, हा प्रश्न तुमच्या वकिलाशी बसून आधीच सोडवा.

संमती एकाच सहीत उरकू नका. मदत मिळण्यासाठी नोंद करणं, दुसऱ्या संस्थेला माहिती देणं, नाव काढून आकडेवारीत धरणं, आणि तिची गोष्ट अहवालात किंवा संशोधनात वापरणं, हे चार वेगळे प्रश्न आहेत. शेवटच्या तिन्हींना तिने नाही म्हटलं तरी मदत तीच मिळणार, हे तिला पटेल अशा शब्दांत सांगा. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० च्या सुमारास महापालिका आणि 'सेहत' ही संशोधन संस्था यांनी हिंसा सोसणाऱ्या बायकांसाठी सुरू केलेल्या 'दिलासा' केंद्राच्या नोंदींवरून पुढे बरंच संशोधन झालं. सेवेच्या नोंदीतून धोरणापर्यंत जाता येतं ते असं. पण त्यासाठी नोंद पहिल्यापासून त्या शिस्तीत असावी लागते.

डॅशबोर्डवर गावनिहाय नकाशा असेल तर तो काढायला लावा. चाळीस घरांच्या वाडीवर एक लाल ठिपका म्हणजे नाव छापल्यासारखंच. तालुका हा सर्वांत लहान भाग ठेवा, आणि कोणत्याही चौकटीत पाचपेक्षा कमी बायका असतील तर आकड्याऐवजी 'पाचपेक्षा कमी' लिहा. तालुका, वयोगट, अपंगत्व आणि जात असे चार फिल्टर एकत्र लावता आले तर बाई सापडते, म्हणून एका वेळी दोनच लावता येतील असं करून घ्या. देणगीदारांचा डेटा, पॅन आणि ८०जी च्या पावत्या हे हिशेबनिसाचं काम. त्याला या यंत्रणेत जागा देऊ नका.

बॅकअपचं थोडक्यात: आठवड्याला एक, एन्क्रिप्ट केलेला, दुसऱ्या इमारतीत. २०१९ च्या पुरात सांगली-कोल्हापुरात तळमजल्यावरच्या कागदांचं काय झालं ते आठवा. महिन्यातून एकदा त्या बॅकअपमधून एक फाइल उघडून बघा. उघडून न पाहिलेला बॅकअप आहे असं धरूच नये.

राहिली ती कंपनी. नाही म्हणू नका, वेळ मागा. कोबो टूलबॉक्स किंवा कॉमकेअरसारखी माहिती भरण्याची तयार साधनं तुमच्या प्रमाणाच्या कामाला पुरतात, कोबो तर संस्थांना फुकट वापरता येतं. नवं ॲप खास कशासाठी हवं, हे त्यांना सांगायला लावा. मग लेखी विचारा: डेटा कोणाच्या नावावरच्या सर्व्हरवर राहील, ॲडमिन पासवर्ड कोणाकडे, त्यांचे इंजिनिअर नावं पाहू शकतात का, सगळा डेटा एका बटनावर सीएसव्हीमध्ये (एक्सेलमध्ये उघडणाऱ्या साध्या फाइलमध्ये) बाहेर काढता येतो का, सीएसआरचं वर्ष संपल्यावर दुरुस्ती कोण करणार आणि पैसे किती. ॲप कार्यकर्तीच्या फोनवर कोणत्या नावाने आणि चिन्हाने दिसेल तेही विचारा. चाचणीसाठी त्यांना खरा डेटा देऊ नका, कार्यकर्त्यांकडून वीस बनावट केसेस लिहून घ्या. कार्यकर्त्या त्या झकास लिहितात, आणि लिहिताना फॉर्ममधले अर्धे दोष तिथेच सापडतात. या प्रश्नांची उत्तरं कंपनीच्या लेटरहेडवर आली की पुढची बैठक ठेवा, आणि त्या बैठकीला तिन्ही केंद्रांवरची एकेक समुपदेशक बसवा.